गावच्या फेटच्या धर्तीवरचे लग्न : सॉमरसेटमधील एका नियोजन व सजावट सेवेचे परीक्षण

इंग्लंडच्या खेड्यांत उन्हाळ्यात भरणाऱ्या ‘व्हिलेज फेट’ या मेळ्याच्या धर्तीवर लग्न करण्याची हौस तेथे आता चांगली रुजली आहे, आणि अशा लग्नांचे नियोजन करून देणारे, जुन्या कपबश्या, कापडी पताका आणि खेळांचे स्टॉल भाड्याने पुरवणारे छोटे घरगुती व्यवसायही बरेच झाले आहेत. माझ्या भाचीचे लग्न गेल्या जूनमध्ये सॉमरसेट परगण्यात, तिच्या सासऱ्यांच्या शेतावर, याच कल्पनेनुसार झाले. मुलीचे आईवडील पुण्यात आणि मी इंग्लंडमध्ये, त्यामुळे सेवा निवडण्यापासून शेवटचा हिशेब मिटवण्यापर्यंत सगळा व्यवहार माझ्याकडे आला. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. काही उणिवांबद्दल स्पष्ट लिहायचे असल्यामुळे व्यवसायाचे नाव दिलेले नाही, परंतु अशी सेवा घेणाऱ्या कोणालाही काय पाहावे, काय विचारावे आणि कशासाठी पैसे मोजावेत, हे त्यावरून ठरवता यावे. माझे मत आरंभीच सांगते. सजावटीच्या बाबतीत या सेवेला मी फार वरचे स्थान देईन, नियोजनाच्या बाबतीत चांगले म्हणेन, आणि दिवस मावळल्यानंतरच्या व्यवस्थेबद्दल मात्र मी असमाधानी आहे.

फेट म्हणजे काय, हे नीट समजल्याशिवाय या सेवेचे मोल करता येत नाही. फेट हा मुळात निधी उभारण्याचा कार्यक्रम असतो. चर्चच्या छपराची दुरुस्ती, शाळेचे साहित्य, गावच्या सभागृहाचा खर्च अशा कामांसाठी उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवारी गावच्या हिरवळीवर किंवा चर्चच्या आवारात मेजे मांडली जातात. घरी केलेले केक, जॅम, रोपांच्या कुंड्या आणि नकोशा झालेल्या वस्तू तेथे विकायला येतात. खांबावर ठेवलेल्या नारळाला चेंडू मारायचा, मोठ्या केकचे वजन ओळखायचे, बरणीत गोळ्या किती ते सांगायचे, पोत्यात पाय घालून पळायचे, असे खेळ असतात, आणि आपल्याकडच्या लिंबू-चमच्यासारखी तेथे अंडे-चमच्याची शर्यत असते. एका कोपऱ्यात ब्रास बँड वाजत असतो, दुसऱ्या कोपऱ्यात चहाचा तंबू असतो. या सगळ्यात कोणी नुसता प्रेक्षक नसतो. ज्याने केक आणला तोच थोड्या वेळाने टोम्बोला या सोडतीच्या खेळाच्या मेजामागे उभा राहतो, आणि ज्या बाई सकाळी मेजे उचलत होत्या त्याच दुपारी चहा ओततात. फेटचे सगळे देखणेपण या कामाच्या वाटपातून आलेले आहे. वेगवेगळ्या नक्षीच्या कपबश्या एका मेजावर दिसतात, कारण त्या वेगवेगळ्या घरांतून आलेल्या असतात. पताका रंगीबेरंगी असतात, कारण त्या उरलेल्या कापडांतून शिवलेल्या असतात. म्हणून अशा लग्नाची सजावट पारखताना मी एकच कसोटी लावली: मांडलेली वस्तू वापरली जाणार आहे की नुसती दिसणार आहे?

सेवा चालवणाऱ्या दोघी बहिणी पहिल्या भेटीला शेतावर आल्या तेव्हा त्यांनी आणलेले पहिले रेखाटन या कसोटीला उतरणारे नव्हते. त्यात जुन्या चामडी सुटकेसांचा ढीग होता, पक्ष्यांचे रिकामे पिंजरे होते, टाइपरायटर होता आणि टोपलीत फुले भरलेली एक जुनी सायकल होती. इंग्लंडमधल्या ‘व्हिंटेज’ म्हणवणाऱ्या लग्नांत या वस्तू इतक्या वेळा दिसतात की त्यांचा खेड्याशी किंवा फेटशी काय संबंध, हे कोणी विचारतही नाही. मी विचारले. खेड्याच्या मेळ्यात टाइपरायटर कोण आणतो, या प्रश्नावर त्या दोघी रागावल्या नाहीत आणि आपल्याच कल्पनेला चिकटूनही राहिल्या नाहीत. त्यांनी रेखाटन बाजूला ठेवले आणि विचारले की पाहुण्यांपैकी कोणाला काय चांगले करता येते. केक कोण करते, बागकाम कोणाला आवडते, मुलांना गोळा करून खेळ कोण घेऊ शकेल, चहा ओतण्यात कोणाचा हात बसलेला आहे, अशी यादी त्यांनी आम्हा दोन्ही घरांकडून लिहून घेतली. कोणता स्टॉल कोणाच्या हाती द्यायचा हे आधी ठरले, आणि त्या स्टॉलला काय वस्तू लागतील हे नंतर. सजावटीचा व्यवसाय करणाऱ्यांकडून हा क्रम मला अपेक्षित नव्हता, आणि या सेवेची खरी गुणवत्ता मला येथेच दिसली.

कोणता काळ डोळ्यांसमोर ठेवायचा, हेही त्यांनी लवकर ठरवून घेतले. व्हिंटेज या शब्दाखाली १९२० पासून १९७० पर्यंतचे काहीही एकत्र कोंबले जाते. त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरची काही वर्षे सुचवली. ब्रिटनमधले युद्धकाळातले रेशनिंग १९५४ मध्ये पूर्णपणे संपले, त्याच्या आदल्या वर्षी राणी एलिझाबेथ दुसरी यांचा राज्याभिषेक झाला, आणि त्या निमित्ताने गल्लोगल्ली मेजे मांडून लोक एकत्र जेवले. काटकसर आणि उत्सव या दोन्ही गोष्टी ज्या काळात एकत्र होत्या, तो काळ फेटच्या लग्नाला सर्वांत योग्य, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पूर्ण पटले. यामुळे पुढचे पुष्कळ निर्णय आपोआप सुटले. प्लास्टिक बाद झाले, चकाकणारे फुगे बाद झाले, आणि एनॅमलचे पाण्याचे जग, जस्ताच्या बादल्या, चौकडीचे सुती कापड व साधी लाकडी मेजे राहिली.

सर्वांत सविस्तर लिहावे असे वाटते ते त्यांच्या चिनीमातीच्या भांड्यांबद्दल. हा संग्रह त्यांनी जुन्या घरांच्या विक्रीतून, लिलावांतून आणि धर्मादाय दुकानांतून जमवलेला आहे, आणि त्यातली बहुतेक भांडी स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरातल्या कारखान्यांची आहेत. काही कपांवर रॉयल अल्बर्ट या भांडी बनवणाऱ्या कंपनीची ‘ओल्ड कंट्री रोझेस’ ही १९६२ मध्ये बाजारात आलेली लाल-पिवळ्या गुलाबांची नक्षी होती. ठरवलेल्या काळाच्या ती थोडी पुढची आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले. ती सोन्याच्या कडेची आणि ठसठशीत असल्यामुळे त्यांनी ती सगळीकडे न विखुरता वडीलधाऱ्यांच्या दोन मेजांवर ठेवली, आणि बाकीच्या मेजांवर फिकट निळ्या, हिरव्या व गुलाबी नक्षीचे संच मांडले. त्यांचा नियम असा की कप आणि त्याखालची बशी एकाच संचाची असावी, पण शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपुढे एकसारखा संच येऊ नये. हे ऐकायला सोपे वाटते. सव्वाशे पाहुण्यांसाठी ते प्रत्यक्षात आणताना रंगांचा तोल सांभाळावा लागतो, आणि मी त्या दोघींना मेजाच्या टोकाशी उभे राहून एकेक बशी उचलून बदलताना पाहिले आहे.

भांड्यांबाबत त्यांनी आपणहून विचारलेला एक प्रश्न विशेष नोंदवला पाहिजे. बोन चायना या नावाच्या चिनीमातीत गुरांच्या हाडांची राख मिसळलेली असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जोसाया स्पोड यांनी ही पद्धत स्थिर केली आणि इंग्लंडमधले नाजूक, अर्धपारदर्शक कप बहुतांशी याच मातीचे असतात. पुण्याहून येणाऱ्या शाकाहारी मंडळींपैकी कोणाला हे चालणार नसेल तर आधी सांगा, आमच्याकडे साध्या मातीच्या भांड्यांचे स्वतंत्र संच आहेत, असे त्यांनी कळवले. माझ्या दोन काकूंना ते चालणार नव्हते. त्यांच्यासाठी निळ्या विलो नक्षीचे साध्या मातीचे कप आले, आणि ते इतके सुंदर होते की त्यांना वेगळे वाढले आहे असे कोणाच्या लक्षातही आले नाही. पाहुण्यांच्या श्रद्धेचा एवढ्या बारकाईने आणि गाजावाजा न करता विचार करणारी सेवा मिळणे हे भाग्यच म्हणायचे. भांड्यांत एकच खोट सांगता येईल. जुन्या किटल्यांपैकी काहींच्या तोटीतून चहा ओघळून पांढऱ्या कापडावर डाग पडत होते, आणि अशा किटल्या फक्त फुलांसाठी ठेवाव्यात, हे त्यांना आधी कळायला हवे होते.

पताकांच्या बाबतीतही त्यांनी आमचे म्हणणे मनापासून ऐकले. त्यांच्याकडचा साठा मुख्यतः फुलाफुलांच्या छापील सुती कापडाचा होता. इंग्रजी खेड्याची ओळख मानली जाणारी ही छापील कापडे मुळात भारतातून तेथे गेली, आणि त्यांनी तिथल्या लोकर व रेशमाच्या विणकरांची बाजारपेठ इतकी व्यापली की १७२१ मध्ये त्यांच्या वापरावर कायद्याने बंदी घालावी लागली होती. त्यामुळे माझ्या बहिणीने पुण्याहून आणलेल्या खणांचे तुकडे या पताकांत मिसळावेत, ही सूचना मला मुळीच परकी वाटली नाही. खणाचा काठ पताकेच्या वरच्या बाजूला यावा आणि आठ-दहा फुलांच्या पताकांनंतर एक खणाची यावी, असे प्रमाण त्या बहिणींनी ठरवले. मला स्वतःला खण अधिक दिसावेत असे वाटत होते. उभारलेला मंडप पाहिल्यावर त्यांचे प्रमाण बरोबर होते, हे मान्य केले पाहिजे, कारण खणाचा गडद रंग आणि दाट वीण फिकट कापडांना सहज झाकून टाकते.

फुलांचा विभाग आटोपशीर होता आणि त्यात बोलण्यासारखे थोडेच आहे. जूनमध्ये तेथे जे उगवते तेच वापरायचे, या नियमाने स्वीट पी, गुलाब, डेल्फिनियम आणि कुंपणाशेजारी वाढणारी पांढरी रानफुले जॅमच्या बरण्यांत ठेवली होती. फॉक्सग्लोव्ह दिसायला देखणे असले तरी ते झाड विषारी आहे, म्हणून ते जेवणाच्या मेजांवर न ठेवता फक्त प्रवेशाच्या कमानीवर बांधले, ही दक्षता आवडली. वधूवरांचे हार मात्र त्यांच्या आवाक्यातले काम नव्हते. ते लंडनमधल्या साउथॉलच्या फुलवाल्यांकडून आणावे लागले.

आता स्टॉलांकडे वळते, कारण लग्नाचा प्राण तेथे होता. टोम्बोलाचे काम नवऱ्यामुलाच्या आत्याकडे होते. टोम्बोलात वस्तूंवर क्रमांक चिकटवलेले असतात, साधारणपणे शून्यावर किंवा पाचवर संपणारे, आणि पिंपातून काढलेल्या चिठ्ठीवर तसा क्रमांक निघाला की ती वस्तू आपली. चिठ्ठ्या विकायच्या नाहीत, पाहुण्यांना वाटायच्या, असा सल्ला सेवेने दिला. लग्नाला आलेल्या माणसाकडून पैसे घेणे शोभत नाही हे एक, आणि चिठ्ठ्या विकल्या की २००५ च्या जुगारविषयक कायद्यातल्या अटी पाहाव्या लागतात हे दुसरे. त्याऐवजी गावच्या सभागृहासाठी एक दानपेटी ठेवली होती आणि ती बरीच भरली. फेटचा मूळ हेतू त्यामुळे लग्नातही टिकला, याचे मला समाधान आहे.

नारळाच्या खेळाबद्दल आमच्या घरात आधी थोडी कुजबुज झाली होती. लग्नाच्या दिवशी श्रीफळावर चेंडू मारायचे, हे माझ्या आईला रुचत नव्हते. तो खेळ असा असतो की उंच खांबांवरच्या वाट्यांत नारळ ठेवतात आणि ठरावीक अंतरावरून लाकडी चेंडू मारून तो खाली पाडायचा असतो. पाडणाऱ्याला नारळ मिळतो. सेवेने खेळ काढून टाकण्याची तयारी दाखवली, पण आईनेच विचार करून सांगितले की कोकणात नारळी पौर्णिमेला नारळावर नारळ आपटून खेळतातच, तेव्हा यालाही हरकत नाही; मात्र विधीचे नारळ वेगळे ठेवा आणि खेळ सप्तपदी झाल्यावर सुरू करा. दोन्ही अटी काटेकोरपणे पाळल्या गेल्या. दुपारी मालवणकडचे आमचे एक मेहुणे खेळायला उभे राहिले, तेव्हा नवऱ्याकडची निम्मी मंडळी त्यांच्याभोवती जमली होती.

केकच्या स्पर्धेचे आयोजन तर उत्कृष्टच झाले. इंग्लंडच्या खेड्यांत अशा स्पर्धांचे निकष विमेन्स इन्स्टिट्यूट या महिलामंडळाच्या परंपरेतून आलेले आहेत. या संस्थेची ब्रिटनमधली पहिली शाखा १९१५ मध्ये वेल्समधल्या अँगल्सी बेटावर निघाली. व्हिक्टोरिया केकचे त्यांचे नियम कडक आहेत. दोन थरांमध्ये फक्त रास्पबेरीचा जॅम, वरून केवळ बारीक साखर भुरभुरलेली, क्रीम अजिबात नाही, आणि खाली जाळीचे वळ उमटलेले नसावेत. सेवेने परीक्षक म्हणून गावातल्याच दोन अनुभवी बाईंना बोलावले आणि स्पर्धकांना नियम आधी पाठवले. त्याच मेजाला लागून जॅम व लोणच्यांचे मेज होते, तेथे माझ्या मैत्रिणींनी केलेला साखरांबा आणि मेथांबा ठेवला होता. परीक्षक बाईंनी मेथांब्याची कृती लिहून घेतली. स्पर्धेत भाग घेणारे, चव पाहणारे आणि निकालावर तावातावाने बोलणारे मिळून त्या मेजाभोवती दुपारभर गर्दी होती, आणि दोन्ही घरांतल्या बायकांची खरी ओळख तेथे झाली असे मी म्हणेन.

मेपोलबद्दल मी सुरुवातीला साशंक होते. उंच खांबाच्या टोकाला बांधलेल्या रंगीत फिती हातात धरून नाचणाऱ्यांनी आतबाहेर फिरत वीण घालायची, हा तिथल्या वसंतोत्सवातला नाच आहे, आणि सराव नसेल तर फितींचा नुसता गुंता होतो. सेवेने गावच्या शाळेतल्या मुलांना नाचवण्याचे सुचवले होते. मात्र आमच्याकडच्या चार-पाच जणींना टिपरी-गोफ येत होता. गोफात फिती वरून सोडलेल्या असतात, येथे खांबावरून येतात, पण जोडीतल्या एकीने आतून आणि दुसरीने बाहेरून जायचे व वीण उलगडायला त्याच चालीने परत फिरायचे, हे तंत्र तेच आहे. मी ते सांगितल्यावर त्या बहिणींनी कार्यक्रमाची वेळ बदलली, मुलांच्या शिक्षिकेशी आमच्या बायकांची गाठ घालून दिली आणि आदल्या संध्याकाळी शेतावर सरावाची सोय केली. ढोलकी आमची आणि अकॉर्डियन त्यांचे, असा तो नाच झाला. नियोजकाने ठरलेला आराखडा पाहुण्यांच्या हातातल्या कलेसाठी बदलावा, हे मला फार मोलाचे वाटते.

विधींची व्यवस्था हा या लग्नातला अवघड भाग होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये नोंदणी विवाह मान्यताप्राप्त ठिकाणीच लावता येतो. १ जुलै २०२१ पासून अशा ठिकाणांच्या आवारात उघड्यावरही तो लावण्याची परवानगी मिळाली, परंतु खाजगी शेत त्यात बसत नाही, आणि नोंदणी विवाहात धार्मिक मजकूर चालत नाही. म्हणून कायदेशीर विवाह आधी रजिस्टर ऑफिसात उरकून शेतावर वैदिक विधी करायचे, हे त्यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितले. मद्य विकत द्यायचे असेल तर कौन्सिलकडे किमान दहा कामकाजाचे दिवस आधी तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना द्यावी लागते, तिचे शुल्क २१ पौंड आहे आणि एका वेळी ५०० पेक्षा कमी माणसे असावी लागतात, हेही त्यांनीच सांगितले. सॉमरसेटची सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पाहुण्यांना मोफत द्यायची असल्यामुळे आम्हाला ती गरज पडली नाही.

होमाची जागा निवडताना त्यांची कसोटी लागली. बसण्यासाठी सगळीकडे पेंढ्याचे गठ्ठे होते. जूनमध्ये नवे पीक कापलेले नसते, त्यामुळे हे गठ्ठे आदल्या वर्षीचे, अगदी कोरडे होते, आणि वर कापडी मंडप. अशा ठिकाणी अग्नी पेटवणे म्हणजे संकटाला बोलावणे होते. त्यांनी होम मंडपाबाहेर, मोकळ्या गवतावर, विटांच्या थरावर ठेवलेल्या वाळूच्या परातीत मांडला, भोवतीच्या जागेत पेंढ्याऐवजी लाकडी बाके ठेवली आणि पाण्याच्या बादल्या जस्ताच्याच असल्याने त्या सजावटीत मिसळून गेल्या. पाऊस आल्यास काय, याची पर्यायी जागाही गोठ्याच्या पत्र्याखाली राखून ठेवली होती. गुरुजींनी मांडणी पाहून समाधान व्यक्त केले.

जेवण या सेवेचा भाग नव्हते. त्यांनी फक्त केटरर सुचवला आणि मांडणी केली. चेडर चीज सॉमरसेटच्याच चेडर गावाचे, म्हणून केकऐवजी चीजच्या गोल ठोकळ्यांची उतरंड रचण्याची त्यांची कल्पना छान होती. शाकाहारी मंडळींसाठी दूध साकळवणारे प्राणिजन्य रेनेट न वापरलेले चीज स्वतंत्र मागवून त्यावर पाटी लावण्याची काळजी घेतली होती. पाट्यांवरून आठवले. देवनागरी पाट्यांचा पहिला नमुना त्यांनी संगणकावर करून पाठवला तेव्हा जोडाक्षरे तुटलेली होती आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेलेली होती. छपाईच्या अनेक जुन्या प्रणालींत देवनागरीची अशीच दैना होते. मी हाताने अक्षरे लिहून पाठवल्यावर त्यांच्या रंगाऱ्याने ती लाकडी फळ्यांवर जशीच्या तशी गिरवली, आणि ‘चहा’, ‘नारळ’, ‘साखरांबा’ या पाट्या फारच गोड दिसल्या. देवनागरी मजकूर छापून घ्यायचा असेल त्यांनी कागदावरचा अंतिम नमुना डोळ्यांखालून घातल्याशिवाय होकार देऊ नये.

आता उणिवा. सर्वांत गंभीर उणीव प्रकाशाची होती. जूनमध्ये तेथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, आणि बहुधा याच भरवशावर त्यांनी स्टॉलांच्या रांगेत दिव्यांची सोयच केली नव्हती. मंडपात माळा होत्या, परंतु मंडपापासून गाड्या ठेवण्याच्या जागेपर्यंतची वाट आणि फिरत्या शौचालयांकडची वाट दोन्ही अंधारात होत्या. नऊवारी नेसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बायकांना दव पडलेल्या निसरड्या गवतावरून मोबाइलच्या उजेडात न्यावे लागले. दिव्यांचे काम आमच्याकडे नसते, ते मंडपवाल्याचे, असे उत्तर मिळाले. करारात तसे लिहिलेले असेलही. पण नियोजनाचे पैसे वेगळे घेणाऱ्या सेवेने पाहुणे गाडीत बसेपर्यंतचा विचार केला पाहिजे, आणि दोन पुरवठादारांच्या मध्ये पडणारी कामे शोधून काढणे हेच तर नियोजकाचे काम आहे. या बाबतीत मी त्यांना सूट देणार नाही.

दुसरी गोष्ट जमिनीची. मंडपात लाकडी तळ घालायचा की नाही, हा खर्चाचा प्रश्न असतो आणि आम्ही तो अर्ध्या भागात घातला. कोणत्या अर्ध्या भागात, हे ठरवताना नाचाची जागा धरली गेली आणि वडीलधाऱ्यांची मेजे गवतावर आली. खुर्च्यांचे पाय रुतत होते. ज्येष्ठांची मेजे तळावर आणि नाच गवतावर, असा उलट निर्णय व्हायला हवा होता, आणि शेतावर अनेक लग्ने केलेल्या व्यावसायिकांनी तो सुचवायला हवा होता. दुपारी पडलेल्या हलक्या सरीत खडूने लिहिलेल्या पाट्याही धुऊन निघाल्या. रंगवलेल्या मात्र टिकल्या. तंबूबाहेरच्या सर्व पाट्या रंगवूनच घ्याव्यात.

पैशांच्या बाबतीत ही सेवा स्वस्त नाही, पण व्यवहार स्वच्छ आहे. भांडी नगावर, स्टॉल संचावर आणि नियोजनाचे शुल्क वेगळे, असे दरपत्रक पहिल्याच आठवड्यात हाती आले आणि नंतर त्यात एकही छुपी भर पडली नाही. भांडी धुण्याचे काम त्यांच्याकडेच असते. सोन्याच्या कडेचे कप यंत्रात धुतले की कड उडते, म्हणून ती हाताने धुतली जातात. यजमानांना उष्टी भांडी खरवडून खोक्यात भरण्यापलीकडे काही करावे लागत नाही, आणि लग्नघरात दुसऱ्या दिवशी ही केवढी सुटका असते, हे ज्यांनी अशी आवराआवर केली आहे त्यांना सांगायला नको.

ज्यांचा खर्चाचा हात आखडता आहे त्यांनी संपूर्ण नियोजन न घेता फक्त कपबश्या, पताका आणि दोन-तीन खेळ भाड्याने घेतले, आणि स्टॉल सांभाळायला घरची माणसे उभी केली, तरी फेटची गंमत पुरेपूर मिळेल, असे माझे मत आहे. उलट माणसे न नेमता सगळ्या वस्तू आणल्या तर नारळाचा खांब कोपऱ्यात उभा राहील आणि त्याच्याजवळ कोणी फिरकणार नाही. जून-जुलैचे शनिवार पुष्कळ आधी भरतात, त्यामुळे तारीख ठरताच विचारणा करावी. करारावर सही करण्यापूर्वी सूर्यास्तानंतरचे दिवे, वाटा, शौचालये आणि जनरेटर यांची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी लिहून घ्यावे. ज्येष्ठ पाहुणे अधिक असतील तर पेंढ्याच्या गठ्ठ्यांची संख्या निम्मी करून पाठ टेकता येईल अशा खुर्च्या मागाव्यात, कारण पाठीला आधार नसलेल्या बैठकीवर मंगलाष्टकांपासून भाषणांपर्यंत बसणे त्यांना झेपत नाही. आमच्या लग्नात फुटलेल्या बश्यांची रक्कम दरपत्रकातल्या दरानेच कापली गेली, आणि उरलेली अनामत त्यांनी न मागता परत केली.